स्मार्टफोनने भरतीची चित्रफीत : चित्रणापूर्वीची सिद्धता

1912 साली दादासाहेब फाळके ह्यांच्यापुढे दोन अडचणी उभ्या होत्या. भांडवल पुरविणाऱ्यांना चलच्चित्राच्या सामर्थ्याची खात्री पटवावयाची होती, आणि चित्रपटात काम करणारी माणसे मिळवावयाची होती. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी त्याच्या वाढीचे दिवसामागून दिवस चित्रण केले आणि पहिली अडचण दूर केली. दुसरीसाठी वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. परंतु तारामतीच्या भूमिकेसाठी योग्य स्त्री काही मिळाली नाही. अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके ह्यांना प्रत्यक्ष भेटून त्यांचे मन वळवावे लागले. छापील जाहिरातीला जे साधले नाही ते समोरासमोरच्या बोलण्याने साधले.

नोकरभरतीच्या चित्रफितीचे काम नेमके हेच आहे. ज्याला आपण अद्याप भेटलो नाही अशा माणसाशी समोर बसून बोलल्यासारखे बोलणे, एवढाच तिचा हेतू. त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नसते, ह्याची साक्ष म्हैसूर शहरच देते. 1935 साली तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी आपल्या राहत्या घरातून एका छोट्या प्रक्षेपकाच्या साहाय्याने नभोवाणी केंद्र चालविले. त्याचे 'आकाशवाणी' हे नाव पुढे देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. साधन लहान होते. मात्र काय सांगावयाचे आणि कोणाला, ह्याची जाण पक्की होती.

आपणही प्रारंभ तेथूनच करू. समजा, म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतील अगरबत्तीच्या एका कारखान्याला दहा कामगार हवे आहेत. नंजनगूडला राहणारी एखादी तरुणी ती चित्रफीत आपल्या फोनवर पाहील. तिच्या मनातील प्रश्न अगदी साधे असतात : वेतन किती? काम किती तास? बसून की उभ्याने? पाळी सुटल्यावर गावी जाणारी शेवटची बस मिळेल ना? ज्या चित्रफितीत ह्या प्रश्नांची उत्तरे नाहीत, ती कितीही देखणी असली तरी व्यर्थ होय. म्हणून चित्रणाच्या आदल्या दिवशी हे प्रश्न कागदावर उतरवावेत आणि प्रत्येकाचे उत्तर कोण देणार हे ठरवावे. वेतन आणि नियम व्यवस्थापकाने सांगावेत. दिवस कसा जातो हे मात्र तेथे काम करणाऱ्या स्त्रीनेच सांगावे. पाठ केलेले भाषण तिच्या तोंडी घालू नये. प्रश्न विचारणाऱ्याने भिंगाच्या अगदी शेजारी बसून तिच्याशी बोलावे, म्हणजे तिची नजर आणि भाषा दोन्ही सहज राहतात.

आता प्रकाशाविषयी. खिडकीतून येणारा मऊ प्रकाश हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत चांगला असतो. बोलणाऱ्याचे तोंड खिडकीकडे किंचित तिरपे असावे. खिडकी त्याच्या पाठीशी असल्यास चेहरा काळवंडतो. चेहऱ्याची दुसरी बाजू फार गडद दिसत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर ताणून धरावी. परावर्तित प्रकाशाने छाया उजळते. उत्तरेकडील खिडकीत ऊन येत नाही, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. म्हैसूरला हा नियम वर्षभर लागू पडत नाही. ते शहर सुमारे सव्वाबारा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य तेथे डोक्याच्या उत्तरेस असतो. तेव्हा त्या महिन्यांत जागा आदल्या दिवशी, चित्रणाच्याच वेळी, प्रत्यक्ष पाहून ठेवावी.

दिवे लावणे भाग पडल्यास एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडील विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे. त्यामुळे अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला हे जाणवत नाही, पण चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये सोय असेल तर उघडझापीचा वेळ सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवावा, म्हणजे हा दोष टळतो. खिडकीचा प्रकाश आणि पिवळे दिवे एकत्र वापरू नयेत. चेहऱ्याचा अर्धा भाग निळसर आणि अर्धा पिवळट दिसतो.

ध्वनीकडे नवशिके दुर्लक्ष करतात. वस्तुतः पाहणारा थोडे अंधूक चित्र सहन करतो, न कळणारे बोलणे सहन करीत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांशावर येते. ह्यास्तव फोन दूर ठेवून त्याच्याच ध्वनिग्राहकावर विसंबू नये. कॉलरला लावावयाचा छोटा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. पंखा बंद ठेवावा. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. जमिनीवर सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर गोधडी टाकली तर तो बराच दबतो. चित्रणापूर्वी सर्वांनी अर्धा मिनिट गप्प राहून ऐकावे. एरवी लक्षातही न येणारी यंत्रांची घरघर तेव्हा ऐकू येते.

फोनची सिद्धता सर्वांत शेवटी करावी. भिंग मऊ कापडाने पुसावे. अगरबत्तीच्या कारखान्यात तर त्यावर भुकटीचा थर हमखास बसतो. शक्यतो फोनच्या मागील बाजूचा कॅमेरा वापरावा, कारण तो बहुधा अधिक चांगला असतो. फोन तिपाईवर बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणि सुमारे दीड मीटर अंतरावर बसवावा. फार जवळ आणल्यास नाक मोठे दिसते. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरले की बहुतेक फोनांत केंद्रीकरण आणि उजेड स्थिर होतात. फोन विमान अवस्थेत ठेवावा, नाहीतर ऐन उत्तराच्या वेळी घंटी वाजते. विद्युत्घट पूर्ण भारलेला आणि साठवणीची जागा पुरेशी मोकळी असावी.

तारांच्या बाबतीत मात्र कोणतीही काटकसर करू नये. 8 फेब्रुवारी 1989 रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत टिपू सुलतानावरील दूरदर्शन मालिकेच्या चित्रणस्थळी आग लागून साठाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ढिल्या जोडण्या आणि वायुवीजनाचा अभाव ही त्या दुर्घटनेची कारणे म्हणून सांगितली जातात. आपले दोनच दिवे असतात हे खरे. परंतु भुकटी, कागद आणि सुगंधी तेल जेथे साठविलेले असते तेथे एक ठिणगीही पुरते. दिवे मालापासून दूर ठेवावेत, तारा पायवाटेवरून नेऊ नयेत आणि दार मोकळे ठेवावे.

एक मिनिटाचे प्रायोगिक चित्रण करून ते कर्णयंत्र लावून ऐकावे आणि लहान पडद्यावरच पाहावे. चित्राखाली कन्नडमध्ये शब्द द्यावेत. वाक् व श्रवणविषयक अखिल भारतीय संस्था 1965 पासून म्हैसूरमध्येच आहे; ज्यांना ऐकू येत नाही असे उमेदवारही असतात, हे त्या शहराला वेगळे सांगावयास नको. शिवाय बसमध्ये आवाज बंद करून पाहणाऱ्यांनाही त्या शब्दांचा उपयोग होतो.

अखेरचा मुद्दा तंत्राचा नाही. उत्तम प्रकाश आणि स्वच्छ ध्वनी ह्यांमुळे पाहणाऱ्याचा विश्वास बसतो. खोट्या नोकऱ्यांचे आमिष दाखवून पैसे उकळणारेही ह्याच साधनांनी हाच विश्वास मिळवितात. म्हणून वेतनाचा आकडा, कामाचे तास, कारखान्याचा पूर्ण पत्ता आणि भरतीसाठी कोणतेही शुल्क नाही हे वाक्य चित्रफितीत स्पष्टपणे असावे. चित्रणासाठी यंत्रशाळेचा एखादाच कोपरा रंगवून उरलेली दाखविण्याचे टाळू नये. जिचे बोलणे आपण चित्रित केले, तिला ते प्रसिद्धीपूर्वी दाखवून तिची संमती घ्यावी. तिने "असे काही येथे नसते" म्हटले, तर तेवढा भाग काढून टाकावा. नंजनगूडची तरुणी कामाच्या पहिल्या दिवशी कारखान्याच्या दारातून आत येईल तेव्हा तिला तेथे तेच दिसले पाहिजे, जे तिने फोनवर पाहिले होते.