आधी कागद, मग बॉडी

सुरतजवळ पलसाणा चौकडीपाशी हायवेला लागून माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. लिंबायत-उधन्याकडची आपली खानदेशी पोरं येतात, मोबाइलवर एखाद्या परदेशी स्पोर्ट्‌स कारचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "काका, हिची बॉडी बाहेरून मागवतो, आपल्या जुन्या गाडीवर बसवून द्याल का?" बसवता येते. पण ती नंबर प्लेट लावून रस्त्यावर फिरवायची असेल, तर हल्ली मी हात जोडतो.

एका गिऱ्हाइकाची फायबरची बॉडी न्हावाशेव्याला उतरली होती. पहिली अडचण तिथेच. नुसत्या बॉडीला कस्टम ड्युटीचा वेगळा दर, गाडीला वेगळा. बॉडीसोबत इंजिन, गिअरबॉक्स, चाकं एकत्र मागवली, तर सुटे भाग असूनही कस्टम्सवाले ती अख्खी गाडी धरू शकतात. माल वापरलेला असेल, तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आधी हवा. याच्या नशिबाने बॉडी नवी होती.

काम मात्र देखणं झालं. दरवाजाची फट वरपासून खालपर्यंत सारखी, जेलकोटवर एक बुडबुडा नाही. मग गाडी आरटीओत दाखवायला नेली. इन्स्पेक्टरने चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, नंबर बरोबर उमटला. त्याने आरसी पाहिली, गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "आरसीतली सेडान कुठाय?" त्या इन्स्पेक्टरचं काही चुकलं नव्हतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कंपनीने ठरवलेला आणि आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या प्रकरणात तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. रंग बदलणं, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवणं याला रीतसर वाट आहे. सांगाडाच बदलायला नाही.

"मग नवी गाडी म्हणून पास करून घेऊ," असं पोरं म्हणतात. नव्या गाडीला फॉर्म २२ लागतो, तो उत्पादक देतो. आणि उत्पादकाला नियम १२६ खाली नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावी लागते. हा कारखान्यांचा खर्च, एका हौशी माणसाचा नव्हे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकच गाडी तपासून नोंदवण्याची सोय आहे, म्हणून तिथले किट-कारचे व्हिडिओ बघून इथे हिशेब मांडू नये.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा साऱ्या देशाने वाहवा केली. पण डिसेंबर २०२१ मध्ये कौतुक करतानाच आनंद महिंद्रांनी लिहिलं होतं की, नियमात न बसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना तिच्या बदल्यात बोलेरो मिळाली. सगळ्यांच्या दारात महिंद्रा येत नाहीत.

सगळ्यात वाईट वाट एजंट दाखवतो: भंगारातल्या गाडीची आरसी आणि तिच्या चेसिसचा कापलेला तुकडा. वेल्डिंगवर कितीही पुटीन मारा, घासलं की जोड दिसतो. तिथे दंडावर भागत नाही, फौजदारी होते. शिवाय अपघात झाला, तर विमा कंपनी आधी आरसी आणि गाडी जुळते का तेच पाहील.

हौस भागवायचीच असेल, तर घरातली पन्नास वर्षांवरची मूळ गाडी दुरुस्त करा. २०२१च्या नियमांनी व्हिंटेज गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार. चेसिस, बॉडी शेल, इंजिन मात्र बदललेलं चालत नाही, आणि ती रोज फिरवताही येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. नाहीतर रेप्लिका बांधा, ट्रेलरवर घालून खासगी ट्रॅकवर न्या.

आणि परदेशी पैसे पाठवण्याआधी आरटीओला लेखी अर्ज द्या, उत्तरही लेखीच घ्या. एजंटच्या 'थई जशे'वर, म्हणजे 'होऊन जाईल'वर, कंटेनर मागवू नका.