राणीच्या बागेतील फुले आणि आपला झेंडू



मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत महानगरपालिकेचे उद्यान खाते दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास फुलांचे, फळांचे व भाजीपाल्याचे प्रदर्शन भरवते. २०२३ च्या फेब्रुवारीत नरोलीच्या दहा-बारा शेतकऱ्यांसह आम्ही ते पाहून आलो. रविवार आम्हांला मोकळा नसतो, म्हणून शनिवार धरला. भिलाडहून पहाटेची गाडी, दादरला बदल, मग भायखळा.

बाग १८६२ सालची. पुढे तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिळाले, पण लोकांच्या तोंडी राणीची बागच राहिली. गर्दी इतकी की पुढच्या माणसाच्या खांद्यावरून फूल पाहावे लागे. निम्मे लोक तर फुलाकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढत होते.

आमच्यातील एका मावशींना त्या धुळीत व परागात दमा उसळला. पंप घरी राहिला होता. झाडाखाली बसवून, गर्दी दूर सारून थोडे बरे वाटले, तरी शेवटी दवाखाना गाठावा लागला. दम्याच्या माणसाने अशा ठिकाणी पंप खिशात ठेवूनच जावे, नाहीतर जाऊ नये. मुलेही प्रत्येक कुंडीला हात लावतात आणि त्याच हाताने वडापाव खातात. अशा झाडांवर औषध मारलेले असू शकते. आधी साबणाने हात धुवावेत.

आता मुख्य गोष्ट. आमच्यातील एक तरुण झरबेऱ्यापुढे जो उभा राहिला तो हलेना. परतीच्या गाडीत त्याने ठरवूनही टाकले: पॉलिहाऊस बांधायचे, कर्ज काढायचे. आम्ही त्याला नाउमेद केले नाही, पण हिशेब मांडायला लावला. रोपे विकत आणावी लागतात. ती जरा खोल लागली किंवा मुळाशी पाणी साचले की गड्डा कुजतो. फूल काढले की ताजेपणीच बाजारात पोचले पाहिजे. आपल्याकडचा पाऊस-वारा प्लास्टिकची कीव करीत नाही. आणि फुलाचा भाव पडला म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. तो गप्प झाला. वापीपर्यंत बोलला नाही असे म्हणणार होतो, पण उतरायचे भिलाडलाच होते!

आम्ही त्याला झेंडू सुचवला. प्रदर्शनात झेंडू कोपऱ्यात होता, त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. मूळचा हा मेक्सिकोचा, पण आता आपल्या दारच्या तोरणाचा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर बी टाकावे, चार आठवड्यांनी निचऱ्याच्या जमिनीत सरीच्या वरंब्यावर रोप लावावे. रोप रुजले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. लावणीपासून सुमारे दोन महिन्यांत फूल येते, म्हणजे दसरा, दिवाळी आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस, तिन्ही बाजार सापडतात.

शिवाय झेंडूच्या मुळांतील द्रव्याने गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात. त्या जमिनीत पुढे वांगी-टोमॅटो बरे येतात. टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची लावली तर फळ पोखरणारी अळी आधी झेंडूकडे वळते. मात्र झेंडूचे रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा पंधरा-वीस दिवसांनी मोठे हवे, नाहीतर फुले उशिरा येतात आणि अळी टोमॅटोवरच बसते. अळी पडलेली फुले तोडून नष्ट करावीत.

शोभेचे झाड आणताना आणखी एक सांभाळावे. घाणेरी आपल्या देशात शोभेसाठीच आणली गेली. आज तिने जंगले व्यापली आहेत. जलपर्णीचेही तसेच.

त्या तरुणाने २०२३ च्या पावसात दहा गुंठे झेंडू लावला. दसऱ्याला भाव बरा लागला, दिवाळीला पडला. काही फुले त्याने मृतांच्या दिवशी कबरस्तानात वाटली. झरबेऱ्याची एक कुंडी मात्र त्याने प्रदर्शनातून आणली होती. ती त्याच्या आईच्या ओट्यावर आहे आणि बरी फुलते.