छायाचित्रे वाचताना

इतिहासाची साधने शिकविताना मी दरवर्षी ताम्रपट, शिलालेख, बखरी, दप्तरे अशी यादी फळ्यावर लिहितो. यंदा तीत 'छायाचित्रे' हा शब्द घातला आणि मुले बेसबॉल खेळत असल्याचा एक जुना फोटो वर्गात दाखविला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, यात इतिहास कुठे आहे?" प्रश्न रास्त होता. तासाला उत्तर अपुरे राहिले. ते येथे पुरे करतो.

फोटो अमेरिकेतील पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरातला. तेथील हिल डिस्ट्रिक्ट ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती. चार्ल्स उर्फ 'टीनी' हॅरिस (१९०८–१९९८) यांनी 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रासाठी १९३६ पासून सुमारे चाळीस वर्षे या वस्तीचे खेळ, मिरवणुका, नाच-गाणी, लग्ने टिपली. बहुधा एकाच फोटोत काम उरकत, म्हणून महापौर डेव्हिड लॉरेन्स यांनी त्यांना 'वन शॉट' हे नाव दिले. त्यांच्या सुमारे ८०,००० निगेटिव्ह २००१ साली तेथील कार्नेगी कलासंग्रहालयाने घेतल्या.

असा फोटो वाचताना पहिला प्रश्न विचारावा तो, कॅमेऱ्यामागे कोण? हॅरिस याच वस्तीतले. तरुणपणी स्वतः बेसबॉल खेळलेले. म्हणून त्यांच्या फोटोंतील माणसे परक्यापुढे अवघडून उभी नाहीत.

दुसरा प्रश्न, चौकटीबाहेर काय आहे? १९४७ साली जॅकी रॉबिन्सन उतरेपर्यंत त्या काळच्या मोठ्या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. म्हणून त्यांनी आपले संघ, आपल्या स्पर्धा उभ्या केल्या. सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन हे नामांकित खेळाडू हिलमधीलच 'क्रॉफर्ड्स' संघातून खेळले. फोटोतला आनंद खराच, पण त्यामागे बंद दारही आहे.

तिसरा प्रश्न, पुढे काय झाले? नगरसुधारणेच्या योजनेने हिलच्या खालच्या भागावर 'गलिच्छ वस्ती' असा शिक्का मारला. १९५६ पासून पाडापाडी झाली व सुमारे ८,००० रहिवासी विस्थापित झाले. त्या जागी १९६१ साली उघडणाऱ्या छपराचे भव्य सभागृह उभे राहिले, तेही संगीतिका आणि खेळ यांसाठी! शहराच्या करमणुकीसाठी एका वस्तीची करमणूक उठविली गेली. पुढे २०११–१२ मध्ये ते सभागृहही पाडले. सरकारी कागदात 'गलिच्छ' या एका शब्दात संपलेली वस्ती निगेटिव्हमध्ये मात्र नांदती आहे.

तथापि एक सावधगिरी हवी. वृत्तपत्राला सण, सामने, सोहळे हवे असतात. त्यावरून तेथे दारिद्र्य नव्हतेच, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. फोटो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

राहिला चौथा प्रश्न, ही माणसे कोण? बहुतेक निगेटिव्हवर नावे नव्हती. संग्रहालयाने वस्तीतल्या वृद्धांना फोटो दाखवून विचारले, आणि कोणाला आपला भाऊ, कोणाला शेजारीण, कोणाला स्वतःचे बालपण सापडले.

येथे मला माझा दोष कबूल केला पाहिजे. आमच्या घरी वडिलांच्या तालमीचा एक फोटो आहे. अंगाला माती लागलेले अकरा जण ओळीने उभे आहेत. मला त्यांतले दोघेच ओळखू येतात. वडील होते तोवर, "पुढे कधीतरी विचारू," असे म्हणत राहिलो. आता सांगणारे कोणी उरले नाही. इतरांना साधनांचे महत्त्व पटविणारा मी घरचे साधन मुके करून बसलो.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, या सुट्टीत एवढा गृहपाठ करा. घरातला, गल्लीतल्या मंडळाचा किंवा तालमीचा एक जुना फोटो घ्या, आजोबा-आजींजवळ बसा आणि नावे, जागा व साल वेगळ्या कागदावर लिहून फोटोसोबत ठेवा. मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर मग तुमच्या हातात असेल.