वृद्धांचे आजारपण : घर की रुग्णालय?

विद्यार्थिमित्रहो, भोसरी, निगडी किंवा चाकण येथील ज्या घरांतून तुम्ही येता, त्यांपैकी पुष्कळ घरी वडील पाळीवर असतात, आई कामावर असते, आणि दिवसा घरी राहते ती गावाहून आलेली आजी. तिला एकाएकी ताप भरला, तर रिक्षात घालून रुग्णालयात नेणे एवढाच मार्ग आपणांस ठाऊक असतो. हा मार्ग सर्वदा श्रेयस्कर आहे काय, याचा विचार येथे करू.

आमच्या परिचयातील एका आजीबाईंस मूत्रविकाराने ताप आला. रुग्णालयात औषध योग्य तेच मिळाले व तिसऱ्या दिवशी ताप उतरला. परंतु अनोळखी खोली, रात्रभर जळणारे दिवे आणि सलाईनची नळी यांच्या योगाने त्या भ्रमिष्टासारखे बोलू लागल्या, पोटच्या मुलास ओळखीनात. दहा दिवस खाटेवर पडून पाय इतके दुबळे झाले, की घरी आल्यावर भिंतीच्या आधारानेही चालवेना. रोग गेला, पण चालणेही गेले. हा अनुभव वृद्धांत विरळ नाही.

न्यूयॉर्क येथील मॉण्टिफिओरी रुग्णालयाने १९४७ साली रुग्णांच्या घरी डॉक्टर व परिचारिका पाठविण्याचा उपक्रम आरंभिला. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक वृद्ध रुग्णांवर केलेली एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तीत घरी उपचार घेणारे व रुग्णालयात राहिलेले, दोहोंत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. मात्र महिन्याअखेर चित्तभ्रम घरच्या रुग्णांत कमी दिसला.

पण दूर कशास जावे? आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करण्यास शिकविले. बालकाचे वजन घेणे, त्यास ऊब देणे, जंतुदोषाची चिन्हे ओळखणे आणि प्रसंगी प्रतिजैविकाची सुई टोचणे, ही कामे खेड्यातील स्त्रिया करू लागल्या. त्या गावांतील नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ होता, तो तीन वर्षांत सुमारे २५ वर आला. जे तान्ह्या बाळासाठी साधले, ते आजोबांसाठी का साधू नये? ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, तेथे तरी औषधाची सुई घरी पोहोचणे अवघड वाटू नये!

तथापि प्रत्येक आजार घरी ठेवण्याजोगा नसतो. सौम्य न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा जंतुदोष, जुलाबाने आलेला शोष हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी बरे होऊ शकतात. छातीत कळ, बेशुद्धी, खुब्याचे हाड मोडणे किंवा तोंड वाकडे होऊन हात लुळा पडणे, अशा वेळी क्षणही न दवडता १०८ क्रमांकास बोलवावे. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यांतील कितीसा वेळ चाकणच्या चौकातील कोंडीत जातो, हे पालकांस सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. घरची शुश्रूषा म्हणजे पुष्कळदा घरच्या सुनेची शुश्रूषा. रोज येणारी परिचारिका व हाकेसरशी येणारे डॉक्टर नसतील, तर रुग्णालय टाळणे म्हणजे सर्व ओझे एका स्त्रीवर टाकणे होय. तसली व्यवस्था आम्हांस मुळीच मान्य नाही.

विद्यार्थ्यांस करता येण्यासारखे काम थोडे, पण उपयोगी आहे. आजीच्या औषधांची यादी व डॉक्टरांचा क्रमांक दारामागे चिकटवावा. वृद्धांस जंतुदोष झाला असताही कधीकधी ताप येत नाही. त्या नुसत्या गोंधळल्यासारख्या बोलतात किंवा जेवण टाकतात. अशा वेळी घड्याळ समोर धरून त्यांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. ते २४ हून अधिक भरले, तर आई कामावरून परतेपर्यंत वाट न पाहता डॉक्टरांस कळवावे.