भूमीची वही

महाड तालुक्यातील रायगड किल्ल्याचे नाव ऐकले नाही, असे मूल महाराष्ट्रात सापडणे कठीण. या किल्ल्यावर शिवाजी महाराजांची राजधानी होती, आणि राज्याच्या जमाखर्चाच्या वह्याही तेथेच राहत. त्या काळी अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली गावोगावच्या जमिनीची मोजणी झाली. मोजण्यासाठी पाच हात पाच मुठी लांबीची काठी ठरवण्यात आली होती. कोणाची जमीन किती, ती कशा प्रतीची आणि तिच्यात काय पिकते, हे पाहून सारा ठरवला जाई. अंदाजाच्या जागी माप आले आणि तोंडी बोलण्याच्या जागी लेख आला. त्यामुळे रयतेला आपले देणे किती, हे निश्चित कळू लागले.

आज आपल्या घरी सातबाराचा उतारा असतो. गाव नमुना सात हा जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो आणि नमुना बारा तिच्यात कोणते पीक आहे ते सांगतो. दोहोंचा मिळून सातबारा झाला. हा उतारा आता संगणकावर आणि दूरध्वनीच्या पडद्यावरही पाहता येतो. परंतु या वहीला आपण एक निराळा प्रश्न विचारून पाहू. ही जमीन पावसाळ्यात जागची हलते काय? हिच्या वरच्या अंगाला भेग पडली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे सातबारात सापडणार नाहीत. ती वही त्यासाठी लिहिलेलीच नाही. हे प्रश्न किती महत्त्वाचे आहेत, हे जाणण्यासाठी महाड-पोलादपूरचा प्रदेश नीट पाहिला पाहिजे.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते. पोलादपूर आणि महाड ही गावे मागे टाकून ती बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. तिच्या दोन्ही अंगांना सह्याद्रीचे उभे उतार आहेत. खाली भाताची खाचरे, वर नाचणी-वरीची वरकस जमीन, आणि मध्येच डोंगराच्या कुशीत वसलेल्या लहान लहान वाड्या, असे येथील रूप आहे. या डोंगरांचा गाभा कठीण काळ्या खडकाचा आहे. त्यावर कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर असतो. अतिवृष्टी झाली म्हणजे पाणी या थरात मुरते. खालच्या कठीण खडकातून ते सहज पार होत नाही, म्हणून ते तेथेच साचते. माती जड होते, तिची पकड सुटते, आणि एखाद्या क्षणी संपूर्ण उतार झाडांसह, घरांसह खाली येतो. यालाच आपण दरड कोसळणे म्हणतो.

जुलै २००५ च्या अखेरच्या आठवड्यात असेच घडले. महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर आणि पोलादपूर तालुक्यातील कोतवाल गावावर दरडी आल्या. २०० च्या सुमारास माणसे मृत्युमुखी पडली. पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे डोंगर खचला आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. मुलांनो, पाऊस आपल्याला थांबवता येत नाही. पण कोणता उतार धोक्याचा आहे हे आधी कळले, तर माणसांना वेळीच हलवता येते.

हे आधी कळावे म्हणून शास्त्रज्ञ एक नवी वही लिहीत आहेत. ती भूमीच्या प्रकृतीची वही आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली स्थापन झाली. २०१४ पासून तिने देशातील डोंगराळ भागांची तपासणी हाती घेतली. उतार किती तीव्र, खडक कोणता, माती किती खोल, झाडी किती, ओढे कोठे, हे सारे पाहून दरडीचा धोका जास्त, मध्यम की कमी, हे नकाशात रंगांनी दाखवले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने २०२३ साली देशातील दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८०,००० दरडींची नोंद त्यात केली आहे. यांपैकी पुष्कळ माहिती आता संगणकावर सर्वांना पाहता येते.

मग एवढे झाल्यावर उणीव कोणती राहिली? भूवैज्ञानिकांचा हा नकाशा पन्नास हजारास एक या प्रमाणात काढलेला असतो. म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर हा जमिनीवर ५०० मीटर असतो. पेन्सिलीची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ काढली, तर तिच्याखाली २५ मीटर जमीन झाकली जाते. एखादे घर, अंगण आणि गोठा त्या रेघेत सहज लपून जातो! मग घरामागची बोटभर भेग त्या नकाशात कशी दिसावी? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातीलच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. यादी होती, पण ती वाडी तीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे समजणे किती घातक आहे, हे यावरून कळते.

ही उणीव भरून काढू शकेल असा एक जाणकार प्रत्येक वाडीत असतो. कोणता झरा बारमाही, कोणता आषाढात फुटतो, कोणत्या बांधावरचा आंबा अलीकडे कलला, हे तेथील वृद्धांना आणि गुराख्यांना तोंडपाठ असते. हे ज्ञान वहीत उतरले पाहिजे. असे करणे अशक्य नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रातील शेतकरी आपल्या पिकाची नोंद आपल्याच हाताने दूरध्वनीवरून करू लागले. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावची झाडे, प्राणी आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची लोकनोंदवही करण्याचे कार्य स्थानिक समितीकडे आले आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेही २०२४ साली दरडींच्या माहितीसाठी दूरध्वनीवर चालणारी सोय सुरू केली.

मात्र नोंद नेमकी हवी. ‘डोंगरावर काहीतरी झाले आहे,’ एवढे लिहून कोणाचाच उपयोग होत नाही. ‘१४ जुलै, सकाळी ७ वाजता, वाडीच्या वर, पाण्याच्या टाकीपासून पन्नास पावले उत्तरेस, जमिनीला नवी भेग, काल नव्हती,’ असे लिहिले म्हणजे ती नोंद झाली. जमिनीला भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, घराची दारे एकाएकी अडकू लागणे, नवा झरा फुटणे किंवा झऱ्याचे पाणी गढूळ होणे, ही धोक्याची चिन्हे होत. ती दिसताच प्रथम तेथून दूर व्हावे, वडीलधाऱ्यांना सांगावे, ग्रामपंचायतीला व तहसील कार्यालयाला कळवावे. वहीत लिहिण्याचे काम त्यानंतरचे.

आणि लिहिलेली वही वाचलीही पाहिजे. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापण्यापूर्वी, नवे घर बांधण्यापूर्वी, उतारावरची झाडी तोडण्यापूर्वी ती ग्रामसभेपुढे उघडली पाहिजे. पायथा कापला तर वरच्या मातीचा आधार जातो. झाडे गेली तर मातीला धरून ठेवणारी मुळे जातात. हे वहीत लिहिलेले असून कोणी पाहिले नाही, तर वही असून नसल्यासारखीच. दुर्घटना झाल्यावर पाने चाळणे म्हणजे वरातीमागून घोडे.

जुन्या वहीने जमिनीकडून आपल्याला काय घ्यावयाचे, ते सांगितले. नवी वही जमिनीसाठी आपण काय करावयाचे, ते सांगते. पहिली लिहावयास कारकून पुरेसे होते; दुसरीला सारा गाव हवा. तुमच्या शाळेच्या अंगणात एक साधे पर्जन्यमापक ठेवा आणि रोज एकाच वेळी पाऊस मोजून लिहा. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. दहा वर्षांच्या आकड्यांना मोठा अर्थ असतो. थेंबे थेंबे तळे साचते, तशीच ही वही पानापानाने भरत जाईल, आणि तुमच्यामागून त्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या ती उपयोगी पडेल.

स्वाध्याय
१. सातबारा उताऱ्यातून कोणती माहिती मिळते? कोणती मिळत नाही?
२. अतिवृष्टीत दरड का कोसळते, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. ‘यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही’ हा समज घातक का आहे?
४. आपल्या गावातील वृद्धांना विचारून जुन्या झऱ्यांची व ओढ्यांची यादी तयार करा. प्रत्येकाचे ठिकाण नेमके लिहा.