दहा बाय सोळाची खोली मोकळी कशी वाटेल?

प्रश्न : लालबागच्या चाळीत आमची दहा बाय सोळा फुटांची खोली आहे. माणसं पाच. घर सतत भरलेलं वाटतं. उपाय सुचवा.

उत्तर : आधी खिडकीकडे बघा. चाळीतल्या अनेक घरांत खिडकीला खेटूनच लोखंडी कपाट असतं, त्यावर बॅगा आणि गाठोडी. निम्मा उजेड तिथेच अडतो. ते कपाट दाराजवळच्या कोपऱ्यात हलवा. एवढ्यानेच खोली बदललेली दिसेल.

पाच माणसांच्या घरात सामान कमी करा म्हणणं सोपं, पण गाद्या-गोधड्या टाकणार कुठे? म्हणून सामान वर न्या. एका लांब भिंतीवर सात फुटांवर, पंधरा इंच खोलीचा सलग माळा करा. त्याला भिंतीचाच फिका रंग द्या, म्हणजे तो अंगावर येत नाही. गडद सनमायका मात्र टाळा. जमीन जितकी मोकळी दिसेल तितकी खोली ऐसपैस वाटते. त्यामुळे जेवणासाठी आणि मुलांच्या अभ्यासासाठी भिंतीला बिजागरीने जोडलेली, काम झालं की मिटणारी फळी उत्तम.

आरसा खिडकीलगतच्या भिंतीवर लावा, उजेड आत पसरतो. पसाऱ्यासमोर लावलात तर पसारा दुप्पट दिसेल. पडद्याची दांडी छताजवळ घ्या.

एक विनंती : जुन्या चाळीतल्या मधल्या भिंती अनेकदा लाकडी चौकटीच्या असतात. माळा ठोकण्यापूर्वी भिंत जाणकाराला दाखवाच.