काचपेटीतील तळे

चंदीगड शहराच्या ईशान्य कडेस, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी असलेला सुखना जलाशय निसर्गनिर्मित नाही. सुखना चो या पावसाळी ओढ्यास बांध घालून तो १९५८ साली तयार करण्यात आला. (पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या आणि एरवी कोरड्या पडणाऱ्या ओढ्यास पंजाबात 'चो' म्हणतात.) बांध पुरा झाल्यावर थोड्याच काळात ओढ्याबरोबर वाहून येणारी माती तळाशी साचू लागली आणि ती थोपविण्यासाठी वरच्या पाणलोट क्षेत्रात झाडे लावण्याचे दीर्घ काम हाती घ्यावे लागले. माणसाने पाणी एका जागी अडविले की गाळ, पाणवनस्पती आणि जलचर यांचा आपसातील व्यवहार सुरू होतो. त्याकडे दुर्लक्ष केले तर तळे बिघडते. घराच्या खिडकीशी ठेवलेल्या चाळीस लिटरच्या काचपेटीतही हाच व्यवहार चालतो. फरक इतकाच की तेथे चूक झाल्यास तिचा परिणाम काही वर्षांनी नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो.

प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या काचपेटीत गोल गोट्यांचा थर, प्लॅस्टिकची झाडे आणि सहा मासे ठेवले होते. जून महिन्यात पाणी गढूळ दिसू लागले म्हणून ते सर्वच्या सर्व काढून टाकले, गोटे नळाखाली चोळून धुतले आणि पेटी ताज्या पाण्याने भरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही मासा जिवंत राहिला नव्हता. स्वच्छता हीच येथे घातक ठरली, हे समजण्यास पुढे बराच काळ जावा लागला. ज्यांच्यापाशी पैसा बेताचा आहे अशा नवशिक्यांना हा धडा मासे न गमावता मिळावा, एवढाच या प्रकरणाचा हेतू आहे.

मासा कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे जे टाकतो त्यात अमोनिया हा मुख्य विषारी पदार्थ असतो. उरलेले अन्न कुजले तरी अमोनियाच निर्माण होतो. वाळूच्या कणांवर आणि काचेवर वाढणारे काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच आहे. परंतु दुसरे जीवाणू त्याचे पुढे नायट्रेट बनवितात व ते माशांना बऱ्याच प्रमाणात सोसते. हे जीवाणू नव्या पेटीत पुरेशा संख्येने वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते, आणि माशांच्या कल्ल्यांनाही इजा करते. गोटे नळाखाली धुऊन आपण काय केले, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल.

पाणवनस्पतींचे महत्त्व येथेच आहे. त्या पाण्यातील अमोनियाचा अंश थेट शोषून घेतात. किंबहुना बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा त्यालाच अधिक पसंती देतात. म्हणजे भरपूर झाडे असलेल्या पेटीत झाडे हाच गाळणयंत्राचा मोठा भाग असतो आणि विकतच्या यंत्राचा खर्च वाचतो. ही कल्पना नवी नाही. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने एका पात्रात दोन सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाने कुजून हिरवट थर साचू लागला, तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी तो थर खाऊन टाकला. या निरीक्षणांचे टिपण त्याने १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडले. हाती विजेचा पंप नसतानाही त्याचे पात्र निर्मळ राहिले होते.

चंदीगडमध्ये नळाला येणारे पाणी भाक्रा कालव्याचे व खोल नलकूपांचे असते. ते बहुधा दुष्फेन, म्हणजे साबणास लवकर फेस न येणारे, आणि किंचित अल्कधर्मी असते. ही गोष्ट दोन कारणांनी लक्षात ठेवावी. पहिले असे की, अमोनियाचा खरोखर विषारी भाग पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो. पंचवीस अंश तापमानास सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाला की तो सुमारे पाच टक्के होतो. कोकणातील सुफेन पाण्यात जी हयगय खपून जाते ती येथे खपत नाही. दुसरे कारण मात्र दिलासा देणारे आहे. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायूचा प्रसार हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद गतीने होतो, म्हणून बुडालेल्या झाडांना त्याची सतत चणचण भासते. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि सेरॅटोफायलम या वनस्पतींना दुष्फेन पाण्यातील बायकार्बोनेटपासून कर्ब मिळविता येतो. तेव्हा वायूच्या टाक्या विकत घेण्याऐवजी ज्यांना आपले पाणी मानवते अशीच झाडे निवडणे शहाणपणाचे होय.

या तिन्ही वनस्पती उत्तर भारतात व महाराष्ट्रातही तळ्यांत, कालव्यांत सर्रास आढळतात. हायड्रिला तर शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. चंचुपात्रात उपडे नरसाळे, त्यावर परीक्षानळी आणि नळीत साचणारे प्राणवायूचे बुडबुडे, हा प्रयोग तिच्यावरच करतात. व्हॅलिस्नेरियाची पाने फितीसारखी लांब असतात. तिचे नर फूल देठापासून सुटून पृष्ठभागावर तरंगत जाते, तर मादी फूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येते आणि परागण झाल्यावर तो देठ स्प्रिंगप्रमाणे गुंडाळून घेऊन पुन्हा खाली जाते. पूर्वी उत्तरेकडील खांडसरी कारखान्यांत अशा पाणवनस्पतींचा ओला थर कच्च्या साखरेवर पसरीत. त्यातून हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याने मळी धुतली जाऊन साखर पांढरी होई. आज ज्याला आपण निरुपयोगी शेवाळ म्हणतो त्यावर एके काळी एक उद्योग चालत असे!

पेटीची जागा ठरविताना सूर्याचा विचार आधी करावा. चंदीगड सुमारे ३०.७ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा छत्तीस अंश वर असतो, तर जूनमध्ये तो त्र्याऐंशी अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. ल कॉर्ब्युझिए आणि त्याचे सहकारी यांनी या शहरातील इमारतींच्या दर्शनी भागावर काँक्रीटचे जे खोल छज्जे व पडदे योजले त्यामागे हाच हिशेब आहे: उन्हाळ्यातील उंच सूर्य अडवावा, हिवाळ्यातील खालचा आत येऊ द्यावा. दक्षिणेच्या खिडकीशी ठेवलेल्या पेटीला त्यामुळे हिवाळ्यात ऊब मिळते आणि जूनमध्ये ऊन लागत नाही. पश्चिमेची खिडकी मात्र कटाक्षाने टाळावी. उन्हाळ्यातील तिसऱ्या प्रहरी तेथील पाणी तापून मासे धापा टाकू लागतात. उत्तरेची खिडकी चालेल, परंतु तेथे आठ-दहा वॅटचा साधा एलईडी दिवा दररोज सहा ते आठ तास लावावा लागेल. शोभेच्या रंगीत दिव्यांवर पैसे घालविण्याचे काहीच कारण नाही.

साठ सेंटिमीटर लांब आणि रुंदी-उंची प्रत्येकी तीस सेंटिमीटर असलेली पेटी नवशिक्यास सोयीची. याहून लहान पेटी स्वस्त पडते खरी. पण पाणी जितके थोडे तितके ते लवकर तापते, लवकर निवते आणि लवकर नासते. काचेचा गोल हंडा तर घेऊच नये. काच कापून देणाऱ्याकडून पाच ते सहा मिलिमीटर जाडीचे पाच तुकडे आणून सिलिकोनने घरी जोडता येतात. सिलिकोन बुरशीनाशक न मिसळलेले, जोडताना व्हिनेगरसारखा वास येणारे असावे आणि ते आठवडाभर वाळू द्यावे. मग पेटी अंगणात किंवा न्हाणीघरात पाण्याने भरून दोन दिवस ठेवावी. गळती दिवाणखान्यात उघडकीस येण्यापेक्षा ते बरे. भरलेल्या पेटीचे वजन साठ-सत्तर किलो होते, म्हणून मेज भक्कम असावे व पेटीखाली थर्मोकोलचा तक्ता घालावा.

तळाशी अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा बागेतील मातीचा थर द्यावा. माती चाळून घ्यावी, तिच्यात शेणखत वा रासायनिक खत नसावे. खत घातलेली माती पाण्याखाली कुजते आणि अमोनियाचा लोट सोडते. या एका चुकीने जितक्या पेट्या नासल्या तितक्या बहुधा अन्य कोणत्याही चुकीने नासल्या नसतील. मातीवर तेवढाच जाड थर धुतलेल्या भरड वाळूचा द्यावा. बांधकामाची वाळू चालते. तिच्या चिमूटभर नमुन्यावर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आल्यास तीत चुना आहे असे समजून दुसरी वाळू आणावी, कारण आपले पाणी आधीच पुरेसे दुष्फेन आहे. संगमरवराच्या चिपाही याच कारणाने वर्ज्य. नेकचंद यांनी फुटक्या फरश्या, बांगड्या आणि कपबश्या यांतून या शहरात उभारलेले रॉक गार्डन १९७६ पासून लोकांसाठी खुले आहे व ते पाहून अनेकांना टाकाऊ वस्तूंनी पेटी सजविण्याचा मोह होतो. लेखकालाही तो झाला होता. नदीतील दोन-तीन गुळगुळीत दगड त्याहून अधिक शोभतात.

रोपे सुखना तलावातून उपटून आणू नयेत. तो संरक्षित पाणथळ प्रदेश आहे. ज्याच्याकडे आधीच पेटी आहे अशा परिचिताकडे ती बहुधा फुकट मिळतात, कारण त्याला दर महिन्याला मूठ-मूठ उपटून टाकावीच लागतात. गावच्या तळ्यातील रोपांबरोबर चतुराच्या अळ्या व जळवा येण्याचा संभव असतो. म्हणून अशी रोपे पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात सुमारे दहा मिनिटे बुडवून धुवावीत आणि पंधरवडाभर वेगळ्या बादलीत ठेवावीत. पहिल्या दिवशीच तळाचा तीन-चतुर्थांश भाग रोपांनी भरून जावा. येथे काटकसर केली तर मोकळ्या जागेचा ताबा शेवाळ घेते आणि मग ते हटविणे जिकिरीचे होते. व्हॅलिस्नेरिया लावताना तिचे मूळ व पान यांच्या सांध्यावर वाळू येऊ देऊ नये. वर थोडे साल्व्हिनिया किंवा पिस्टिया तरंगत ठेवावे. त्यांना कार्बन डायऑक्साइड हवेतूनच मिळत असल्याने ती झपाट्याने वाढतात व पाण्यातील नत्र शोषतात. दर आठवड्यास त्यांतील निम्मी काढून कुंड्यांतील झाडांना खत म्हणून घालावीत.

पाणी उघड्या बादल्यांत एक-दोन दिवस ठेवून, अधूनमधून ढवळून मगच वापरावे. घाई असल्यास छायाचित्रकार वापरतात त्या हायपोचा लहानसा खडा बादलीत विरघळवावा. वाळूवर बशी ठेवून तिच्यावर धार सोडली म्हणजे माती उसळत नाही. यानंतर चार आठवडे पेटीत काहीही सोडू नये. हा काळ सर्वांत कठीण, विशेषतः घरात मुले असतील तर.

माशांची निवड हवामान पाहून करावी. जानेवारीत येथे रात्रीचे तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते आणि ऊब नसलेल्या खोलीतील पाणी बरेच थंड होते. दुकानांत सर्वाधिक विकले जाणारे गप्पी मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील. त्यांना अठरा अंशांखालील पाणी मानवत नाही आणि त्यांच्यासाठी पन्नास वॅटचा तापक घ्यावा लागतो. पुण्याकडील वाचकांना ही अडचण फारशी येणार नाही. चंदीगडच्या घरासाठी मात्र झेब्रा डॅनियो हा आपल्याच देशातील मासा उत्तम. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत अनुवंशशास्त्राच्या अभ्यासासाठी तो पाळला जातो. ऋतुमानानुसार होणारा पाण्यातील मोठा फरक तो सोसतो. आपल्या पेटीत सहा ते आठ पुरेत. आधी तीन सोडावेत, पंधरवड्यानंतर बाकीचे. दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतके अन्न द्यावे. आठवड्यातून एक दिवस उपवास घडला तरी त्यांचे काही बिघडत नाही.

पंधरा दिवसांनी एकदा पाव भाग पाणी बदलावे, तेही मुरवलेल्या आणि पेटीतील पाण्याइतक्याच उष्ण पाण्याने. वाळू उकरू नये. पाने पिवळी पडली तर काढावीत. काचेवर दिसणाऱ्या चार-दोन गोगलगायींचा राग धरण्याचे कारण नाही.

खरी कसोटी जूनच्या रात्री लागते. पंधरा अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे दहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांस तो साडेसातवर येतो. दिवसा झाडे प्राणवायू सोडतात, परंतु अंधार पडला की तीही माशांप्रमाणे तो वापरू लागतात. त्यामुळे पहाटे, उजाडण्याच्या थोडे आधी, पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करताना दिसले तर तरंगत्या वनस्पती अर्ध्याहून अधिक काढून पाण्याचा पृष्ठभाग मोकळा करावा, वाटीने पाणी उचलून उंचावरून हळूहळू पेटीत सोडावे आणि त्या दिवशी अन्न देऊ नये. पेटीवर काचेचे झाकण असेल तर उन्हाळ्यात त्याऐवजी मच्छरदाणीचे कापड ताणावे. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी निवते. घटलेले पाणी रोज सायंकाळी भरावे. ते नळाचे असेल तर सकाळीच बादलीत काढून ठेवावे.

कंटाळा आला, बदली झाली किंवा माशांची संख्या वाढली, तर मासे व झाडे परिचितांस द्यावीत. सुखना, चो किंवा गावचे तळे यांत ती सोडू नयेत. साल्व्हिनियाचा एवढासा तुकडाही उघड्या तळ्याचा पृष्ठभाग झाकून टाकू शकतो. जास्तीची झाडे कडक उन्हात पुरती वाळवून मगच खतात टाकावीत.